पिकअपचे पुढचे सस्पेन्शन घरच्या खळ्यात बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात साखळी गावाच्या बाजूला आमचे घर. घरापुढे खळे, म्हणजे अंगण, खळ्यात तुळस, आणि तुळशीपासून चार हात लांब एक जुना पिकअप. मार्च ते मे तो सत्तरी तालुक्यातून काजूची बोंडे आणतो, एरवी नारळ, केळी, कधी कुणाचे बिऱ्हाड. या गाडीच्या पुढच्या भागात मी बदलला नाही असा सांधा आता राहिलेला नाही. काही दोनदा बदलले, कारण पहिल्यांदा चुकले होते. मी मेस्त्री नाही. गाडी खळ्यात चाक काढून उभी दिसली की येणारे-जाणारे जे विचारतात, त्याची ही उत्तरे.

ट्रकचे सस्पेन्शन घरी बदलता येते का?

कुठला ट्रक, त्यावर आहे. एक-दीड टन माल नेणारा पिकअप असेल तर पुढची बरीचशी कामे घरी होतात: शॉकअप, स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या कांबेच्या) लिंक, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, आर्मचे बुश. कौशल्य फारसे लागत नाही, वेळ मात्र लागतो. गॅरेजवाल्याला तुमच्या गाडीमागे आणखी चार गाड्या उभ्या असतात, म्हणून तो घण मारतो. तुम्हाला थांबायला वेळ असतो, आणि अर्धे काम त्या थांबण्यातच होते.

आणि सहाचाकी टिपर?

नाही. माझे वडील खाणीवर टिपर चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि आमच्या भागात घराघरापुढे टिपर उभे राहिले. पुढे काही काळ चालल्या, २०१८ला पुन्हा थांबल्या. रिकाम्या बसलेल्या माणसांनी तेव्हा उभ्या गाड्यांवर दुरुस्तीचे बरेच हात साफ करून घेतले, त्यातले थोडे मी पाहिले आहे. टिपरला पुढे आडवा अखंड बीम असतो, त्यावर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) गठ्ठे, आणि चाक वळते ते किंगपिनवर. एकेक गठ्ठा दोघांना धड उचलत नाही. अडकलेली किंगपिन काढायला हायड्रॉलिक प्रेस लागते आणि नवा बुश बसवल्यावर आतून रीमर फिरवून माप जुळवावे लागते. वडील स्वतः फक्त ग्रीस मारायचे आणि यू-बोल्ट आवळायचे. नवे यू-बोल्ट काही दिवस चालवून पुन्हा आवळावे लागतात, हे ते न चुकता करायचे. तेवढेच घरी करा.

पुढे नेमके काय-काय असते?

माझ्या गाडीत प्रत्येक चाकाला दोन आर्म आहेत, वरचा आणि खालचा. आर्मचे आतले टोक चेसीला रबरी बुशवर झुलते, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. दोन बॉल जॉइंटच्या मध्ये नकल, नकलवर चाक. नकलला डावी-उजवीकडे ढकलतो तो टाय रॉड. वजन पेलायला कुणाकडे कॉइल स्प्रिंग असते, कुणाकडे पाटे, माझ्याकडे टॉर्शन बार, म्हणजे चेसीच्या लांबीने गेलेली, पिळ खाणारी पोलादी कांब. शॉकअप वजन पेलत नाही, फक्त उसळी जिरवतो. शॉकअप बदलून बसलेली गाडी उठेल, असे समजून पैसे घालणारे पुष्कळ भेटतात.

कुठला भाग गेलाय हे कसे ओळखू?

आधी ऐका. कमी वेगात खड्ड्यात चाक पडताना ‘टक’ असा एकच कोरडा आवाज येत असेल तर बॉल जॉइंट किंवा बुश. खडखड येत असेल तर बहुतेक स्टॅबिलायझरची लिंक. चोडणच्या फेरीबोटीवर चढताना रॅम्पची जी उंच कड लागते, तिथे माझी गाडी दर वेळी बोलते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सस्पेन्शन उघडायच्या आधी टायरची हवा बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, मी स्वतः एकदा अर्धा दिवस घालवलाय.

मग चाक उचलून हलवून पाहा. जॅक कुठे लावता याला महत्त्व आहे. स्प्रिंगचे किंवा बारचे वजन खालच्या आर्मवर येत असेल तर जॅक त्या आर्मखालीच, बाहेरच्या टोकाजवळ लावा. चेसीखाली लावला तर बार आर्मला खाली ढकलत राहते, बॉल जॉइंट ताणलेला राहतो आणि झिजला असला तरी घट्ट वाटतो. आता चाक घड्याळ समजा. बारा आणि सहावर हात ठेवून आत-बाहेर हलवले तर खेळ बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा. तीन आणि नऊवर असेल तर टाय रॉडकडचा. बारा-सहाच्या खेळात दोघांपैकी चोर कोण हे कळायला एक सोपी युक्ती आहे: घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. आमच्याकडे हे काम आईचे असते. ती जप करत करत ब्रेक दाबते.

टाय रॉडसाठी चाके जमिनीवर, इंजिन बंद, आणि दुसऱ्याने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे. तुम्ही बाजूला बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. झिजलेला सांधा बोटाला कळतो, डोळ्याला नाही.

खळ्यात गाडी उचलायला चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावले तर चालतील?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचे उत्तर मी उभ्या आवाजात देतो: नाही. आपल्याकडे प्रत्येक घरामागे चार-दहा चिरे पडलेले असतातच. भिंतीत बसला की चिरा पिढ्यान्पिढ्या उभा राहतो, कारण तिथे वजन पूर्ण पृष्ठभागावर पसरलेले असते. चेसीची कड किंवा आर्मचा कोपरा मात्र टीचभर जागेवर दाबतो. चिरा भोकाभोकांचा दगड आहे, पावसाचे पाणी पितो, आणि फुटताना आधी कुरकुरत नाही. मी चिऱ्यावर गाडी ठेवली नव्हती, फक्त जॅकखाली एक पालथा घातला होता. जॅकच्या तीन-चार दांड्या मारून झाल्या आणि चिरा मधोमध दोन झाला. गाडी ब्रेक डिस्कवर बसली, मी बाजूला उभा होतो. लाल भुकटी चपलेवर उडाली, तेवढेच. तोच चिरा आता तुळशीपाशी पणती ठेवायला आहे. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचीही हीच गोष्ट.

लोखंडी जॅक स्टँड घ्या, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. दोन घोड्या, तीन-तीन टनाच्या. रिकाम्या पिकअपच्या पुढच्या भागाचे वजन साधारण टनभर असते, तेव्हा तीन टनाचा जॅक पुरतो. हौदा रिकामा करून घ्यायचा, हे सांगायला लागू नये, पण लागते.

खळे सारवलेले असेल तर वरून टणक दिसते आणि जॅकची चाके हळूच आत रुततात. खाली मट्टीच्या किंवा सागाच्या लाकडाची जाड, रुंद फळी घाला. जमीन सपाट हवी. आमचे खळे पाणी जायला रस्त्याकडे उतरते केले आहे, म्हणून मी गाडी आडवी लावतो. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण, हँडब्रेक वर, गिअर टाकलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. काढलेले चाक चेसीखाली आडवे सरकवून ठेवा. जॅक आणि घोडी दोन्ही दगा देतील तेव्हा तेवढी उंची जीव वाचवायला पुरते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही. बोल्ट घ्यायला म्हणून एक क्षणही नाही.

हत्यारे कुठली लागतात?

सहा कोनी गोटी (सॉकेट) सेट. बाराकोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. १७, १९, २२ आणि २४ या मापांवर माझे बहुतेक काम निघते, तुमची गाडी बघून घ्या. रिंग पाने, लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा), दोन हातोडे (दोन का ते खाली येईल), तारेचा ब्रश, हॅकसॉ आणि पुरेशी पाती, कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली पिन) काढायला नाकपकड, मार्किंगला खडू किंवा पांढरा रंग. टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते मोजणारा पाना) उसना मिळाला तर विकत घेऊ नका, पण मिळवा. डोळ्याला चष्मा लावा. गाडीखाली झोपल्यावर गंजाचे पोपडे सरळ डोळ्यातच येतात.

नट सुटतच नाही. काय करू?

हे खरे काम. नवीन भाग बसवायला तास लागतो, जुना काढायला तीन दिवस लागू शकतात. आपल्याकडे एकीकडून खारी हवा, दुसरीकडून लाल चिखल. चार महिने तो चिखल आर्मच्या खोबणीत ओलाच राहतो आणि आतून लोखंड खात राहतो. किनाऱ्याकडच्या गाड्यांचा गंज वरून दिसतो, आमच्या गाड्यांचा चिखलाखाली झाकलेला असतो.

काम रविवारी करायचे तर गुरुवारी सुरुवात करा. आधी पाणी मारून चिखल काढा, वाळू द्या, तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि मगच गंज सोडवणारा स्प्रे मारा. चिखलावर मारलेला स्प्रे चिखलच पितो. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतो, तो चालतो, पण त्याला वेळ द्या: रोज संध्याकाळी एकदा, तीन दिवस. सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या. गंजाची पकड तुटली की बारीक ‘कट्’ ऐकू येते. मग सोडवा, पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा स्प्रे. सरळ ओढत राहिलात तर आटेच नटाबरोबर बाहेर येतील.

टॉमीला पाइप लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. लावा, पण ढकलू नका, स्वतःकडे ओढा, आणि गोटी निसटली तर हात कुठे जाईल हे आधी बघून ठेवा. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे चेसीच्या कडेवर आपटून झालेली आहेत.

खालच्या आर्मच्या लांब बोल्टची एक गंमत आहे. नट निघतो, बोल्टचे डोके फिरते, आणि सोडले की रबरासारखे परत जागेवर येते. म्हणजे बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झालाय आणि तुम्ही बोल्ट नाही, बुशचे रबर पिळताय. घण मारून तो बाहेर येत नाही, कंस मात्र वाकतो. मी तीन संध्याकाळी झटलो. शेवटी बुश आणि कंस यांच्या फटीतून हॅकसॉचे पाते घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. तीन पाती तुटली. ग्राइंडर असेल तर दहा मिनिटांचे काम, पण ठिणग्या ब्रेकच्या रबरी पाइपवर आणि डिझेलच्या लाइनवर जाणार नाहीत असे काहीतरी आड धरा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. तेव्हा कापायचे असेल तर नवा बोल्ट आणि नवा बुश आधी आणून ठेवा.

गॅसच्या ज्योतीने नट तापवणे घरी करू नका. बाजूला रबर, ग्रीस, ब्रेकचे तेल, सगळेच पेट घेणारे.

स्प्रिंग उडून लागते म्हणतात. खरे आहे का?

खरे आहे. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. स्प्रिंग बाहेर काढायची असेल, किंवा स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला स्ट्रट उघडायचा असेल, तर तेवढे काम गॅरेजला द्या. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग आवळून धरल्याशिवाय कधीही सोडू नका. स्वस्तातले हुक लावून स्प्रिंग दाबणारे लोक पाहिलेत, मी तिथे थांबत नाही.

टॉर्शन बार त्या मानाने शहाणी. मागच्या टोकाला तिला पिळ देणारा एक ॲडजस्टर बोल्ट असतो. पुढून गाडी चेसीखाली घोड्यांवर घ्या, चाके लोंबकळू द्या, म्हणजे पिळ कमीत कमी राहतो, आणि मग तो बोल्ट सावकाश पूर्ण सैल करा. त्याआधी दोन मापे वहीत लिहा: बोल्टचे किती आटे बाहेर दिसतात, आणि गाडी सपाट जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत किती उंची आहे, दोन्ही बाजूंची. शेवटी गाडीची उंची याच आकड्यांवर परत आणायची असते. डाव्या-उजव्या बार अदलाबदल करू नका, त्या एकाच दिशेच्या पिळाला सरावलेल्या असतात. कांबेवर ओरखडा पाडू नका, पकडीने धरू नका. तडा ओरखड्यापासूनच सुरू होतो.

बॉल जॉइंट नकलमधून निघत नाही.

त्याची दांडी निमुळती असते आणि वजनाने भोकात घट्ट रुतलेली असते. खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या, कॉटर पिन काढा, नट सोडवा पण काढू नका, दोन-चार आट्यांवर राहू द्या. तो राहिला तर आर्म अंगावर येत नाही. आता दोन हातोडे. एक नकलच्या डोळ्याला, म्हणजे दांडी बसते त्या भोकाच्या कड्याला, एका बाजूने टेकवून धरा, दुसऱ्याने समोरच्या बाजूने डोळ्यावर मारा. दांडीवर मारायचे नाही, डोळ्यावर. लोखंड क्षणभर दबते आणि दांडी सुटते. तीन-चार नेमके ठोके पुरतात, सुटताना आवाज बदलतो. दुबेळ्या छिन्नीने पण निघतो, पण ती रबराचे बूट फाडते. जुना जॉइंट टाकायचाच असेल तर फाडू दे.

काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्मला रिव्हेटने जोडलेला येतो. रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात आणि नवा जॉइंट बोल्टवर बसतो. प्रेसने बसवलेला असेल तर आर्म काढून लेथवाल्याकडे न्या. हातोड्याने ठोकून बसवलेला प्रेसफिट जॉइंट मी एकदा वापरला आहे. दोन महिने.

नकल मोकळी होत असताना ब्रेकचा कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवू नका. तारेने चेसीला बांधा. कपडे वाळत घालायची तार चालते.

टाय रॉड एंड बदलला की चाकांची अलाइनमेंट जाते का?

जाते, पण तुम्ही ठरवले तर थोडीच. आधी लॉक नटाच्या कडेला रंगाची रेघ मारा, नट पाव फेरा सैल करा, मग जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा. मी आकडा खडूने गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, लिहितो. नवा तेवढ्याच फेऱ्या आत. एका टोकाला आटे उलटे असू शकतात, तेव्हा फिरत नाही म्हणून जोर लावण्याआधी दिशा तपासा.

बुश घरी दाबून बसवता येतात?

येतात. जाड आट्यांची कांब, मोठे वॉशर, एका बाजूला बुशपेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा, आणि नट आवळत जायचे. बाहेरच्या पृष्ठभागावर साबणाचे पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, खनिज तेलाने रबर फुगते. याच कारणाने गाडीच्या खालून डिझेल फवारून घेणे मला पटत नाही. पावसाआधी बरेच लोक ते करून घेतात, लोखंड चकाकते, आणि बुश वर्षभरात मऊ होऊन जातात.

आता या पानावरची सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. आर्मचे बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचे आवळू नका. रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो. हवेत आवळला तर गाडी खाली येताच तो पिळतो आणि कायम पिळलेलाच राहतो. पहिल्या वेळी मी असेच केले आणि चार महिन्यांत रबर फाटले. भाग वाईट म्हणून दुकानदाराशी भांडायलाही गेलो होतो. बोल्ट हाताने बसवा, चाके लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढचा भाग दोन-चारदा दाबून बसू द्या, आणि मग खाली जाऊन आवळा. उंची कमी पडत असेल तर चाके फळ्यांवर चढवून घ्या.

शॉकअप?

सोपे. वरचा नट, खालचा बोल्ट. वरचा नट फिरताना दांडी पण फिरते, तेव्हा दांडीचे टोक पान्याने धरा. तेलाचा शॉकअप असेल तर बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघते. गॅसचा असेल तर बांधलेली पट्टी जागेवर नेऊनच कापा, तो आपोआप लांब होतो. जुना गॅस शॉकअप तापवू किंवा कापू नका.

जुनी कॉटर पिन परत घातली तर?

नवी घ्या, सगळ्यात स्वस्त भाग तोच. ही गाडी मी सेकंडहँड घेतली तेव्हा डाव्या टाय रॉडच्या नटात पिनऐवजी वाकवलेला खिळा होता. आधीच्या मालकाने कुठल्यातरी गॅरेजमध्ये काम करून घेतले होते आणि खिळ्यावर वर छान काळा रंग मारला होता. तो खिळा मी डॅशबोर्डवर ठेवलाय.

पिनचे भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा. सैल करून जुळवू नका.

किती आवळायचे?

मॅन्युअलमधला आकडा पाळा, गाडीगणिक तो वेगळा असतो. अंदाज यावा म्हणून सांगतो: १०० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलो वजन टांगल्यासारखे. अर्ध्या मीटरची टॉमी असेल तर वीस किलो. तेव्हा पाइप लावून दोघे जण लोंबकळणे म्हणजे बोल्ट ताणून मारणे.

बोल्ट बदलायचा असेल तर डोक्यावरचा मजबुतीचा आकडा बघा, ८.८ किंवा १०.९. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट दरवाज्याच्या बिजागरीला ठीक आहे.

एकच बाजू बदलली तर चालेल?

शॉकअप जोडीनेच. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड एकट्याने चालतात, पण एक बाजू गेली तर दुसरीनेही तेवढाच रस्ता कापलाय. बुशच्या बाबतीत मी जोडीने जातो, निदान दुसऱ्या बाजूचा गंज माझ्या सवडीने सोडवता येतो.

सुटे भाग कुठून आणता?

म्हापसा, फोंडा, नाहीतर चोर्ला घाट चढून बेळगाव. बेळगावात जुन्या मॉडेलचे भाग निघतात, आणि जाताना घाटात गाडी कशी वागते तेही कळते. जुना भाग पिशवीत घालून न्या. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून दांडीची लांबी, निमुळतेपणा, आटे जुळवा. बॉल जॉइंट हाताने हलवून बघा: नवा असून सैल हलत असेल तर परत द्या. रबरी बूट दाबून बघा, कडक असेल तर तो वर्षानुवर्षे फडताळात पडलेला आहे.

काम झाल्यावर अलाइनमेंट लगेच करावी लागते?

हो, पण मशीनपर्यंत गाडी नेण्याइतकी घरी जुळवता येते. स्टिअरिंग सरळ, चाके सरळ. पुढच्या दोन टायरच्या मध्यरेषांमधले अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजा, शक्यतो चाकाच्या मध्याच्या उंचीवर. दोन्ही अंतरांत काही मिलिमीटरचाच फरक असावा. बोटभर फरक असेल तर टाय रॉडचे फेरे चुकलेत. कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकाचे कलते कोन, मात्र असे मोजून कळत नाहीत, आर्म काढला असेल तर मशीन टळत नाही.

पहिले पाच किलोमीटर गावातच, रिकामी गाडी, काचा खाली. परत येऊन प्रत्येक नटाला पाना लावून बघा, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा. त्याआधी माल भरून घाट उतरायचा नाही.

पावसात हे काम करता येईल का?

जून ते सप्टेंबर मी टाळतो. ओल्या मातीत घोडी तिरकी होते आणि उघड्या सांध्यात पाणी जाते. मे महिन्यात तपासणी, चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) दुरुस्ती, असा माझा रिवाज. चवथीचे सामान आणताना गाडी आवाज करते, घरचे सगळे ऐकतात आणि मग पैशांना नाही म्हणत नाहीत.

गाडी थोडी उंच करून घ्यायची आहे, तेही घरीच करू का?

टॉर्शन बार आवळून गाडी दोन इंच उचलणारे मित्र सगळ्यांनाच असतात. बार आवळल्याने ती कडक होत नाही, फक्त आर्म खाली झुकतो, बॉल जॉइंट आणि टाय रॉड तिरक्या कोनात काम करतात आणि लवकर मरतात. कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. झिजलेल्या भागाजागी तसाच भाग घालणे यात येत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते, तेव्हा खाली वाकून बघणारा कुणीतरी असणारच.

जुने ग्रीस आणि तेल कुठे टाकायचे?

गडग्यामागे नाही. आपली जमीन चिऱ्याची, पाणी सरळ आत जाते आणि विहीर पंचवीस पावलांवर असते. मी डब्यात साठवतो आणि जळके ऑइल घेणाऱ्या गॅरेजला देतो.

एका बाजूला किती वेळ धरू?

पहिल्यांदा शनिवार-रविवार पूर्ण, आणि सोमवारी कामाला जायला दुसऱ्या कुणाची तरी गाडी सांगून ठेवा. माझी उजवी बाजू पहिल्यांदा साडेतीन दिवसांत झाली. डावी एका सकाळी, कारण तोवर सगळ्या चुका करून झाल्या होत्या.

हाताचे ग्रीस कशाने जाते?

आधी खोबरेल तेल चोळायचे, मग लाकडाचा भुसा, शेवटी भांड्याचा साबण. नखांतले बुधवारपर्यंत राहते.